ओळीवरची ओळ

"आणि हे बटण दाबलं, की आत काय होतं?" कृष्णाक्कांनी विचारलं.

"आत काय होतं ते बघावंच लागत नाही, अक्का," उन्मेष म्हणाला. "तेच तर सुख आहे."

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. निळ्या-पांढऱ्या चौकटी, चौकटींत गोलसर बटणं. एकावर बोट ठेवलं की ते हिरवं होई, पुन्हा ठेवलं की करडं.

"बघावं लागत नाही…" त्या हळूच म्हणाल्या.

भाद्रपदातलं धुकं खिडकीतून आत आलं होतं. तळसरच्या पठारावर ते असंच येतं. दार वाजवत नाही, विचारत नाही. येतं आणि माणसांमध्ये बसून राहतं. समई, कोनाडा, अक्कांची पांढरी साडी, सगळं त्यात अर्धंमुर्धं विरघळलेलं होतं. फक्त कोठीतल्या मशीनची घरघर तेवढी नीट ऐकू येत होती, लांब कुठंतरी मोहोळ असावं तशी.

त्या कोठीत पूर्वी मठाचं भात असे. आता तिथे एक सर्व्हर होता. खोऱ्यातल्या कुणीही फोनवरून मागितलं, की एक पान काढून हातात द्यायचं, एवढंच त्या मशीनचं काम. सापाची लस आज कुठल्या दवाखान्यात आहे आणि कुठल्या दवाखान्यातली संपली, हे त्या पानावर असे. त्या खोऱ्यात फुरसं फार. चुकीच्या दवाखान्याकडे निघालेली गाडी घाट उतरून पुन्हा दुसरा घाट चढेपर्यंत माणूस हातचा जाई. म्हणून ते पान.

कृष्णाक्कांनी अर्धं आयुष्य शहरात अशीच मशीनं सांभाळली होती. मग एकदा त्या मठात आल्या, आणि परत गेल्याच नाहीत. मशीननं कुणाला कुठलं दार उघडायचं, कुणासाठी किती वेळ थांबायचं, कुणाला कुठं वळवायचं, हे सगळं त्या साध्या मजकुराच्या एका फाईलमध्ये हातानं लिहीत. ओळीखाली ओळ, शेवया वळाव्यात तशी.

उन्मेष त्यांच्याच हाताखाली शिकला. शिकून पुण्याला गेला आणि तिथे त्यानं हे पॅनेल तयार केलं. फाईल उघडायची नाही, अक्षर टाइप करायचं नाही. नुसती बटणं दाबायची आणि सर्व्हर चालवायचा. लोकांनी नावाजलं. आज तो ते गुरूपुढे ठेवायला आला होता, आणि खरं सांगायचं तर गुरूच्या तोंडून शाबासकी ऐकायला आला होता.

"आणि माझी फाईल?" अक्कांनी विचारलं.

"तीही पॅनेलच लिहितं. स्वच्छ, नीटनेटकी. राग मानू नका, पण तुमच्या फाईलमध्ये अडगळ किती आहे. पॅनेलला ज्या ओळी कळत नाहीत, त्या ते गाळून टाकतं."

"त्याला कळत नाहीत, त्या…"

"नको असलेल्या, म्हणजे."

अक्कांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले, की त्यांना झोप लागली असं उन्मेषला वाटलं.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या. "उद्या दोघं मिळून बसू."

आणि परडी घेऊन त्या मागच्या अंगाला भाजी खुडायला गेल्या. चार पावलांवर धुक्यानं त्यांना घेतलं.

उन्मेष एकटा उरला.

उद्या कशाला, त्याच्या मनात आलं. अक्का उद्या उठतील, पडदा उघडतील, आणि सगळं आधीच लख्ख झालेलं असेल. काही बोलणार नाहीत त्या. पण त्यांच्या कपाळावरची आठी सैल होईल. ती आठी सैल झालेली बघायला तो एवढा घाट चढून आला होता.

जुन्या फाईलची प्रत त्यानं बाजूला ठेवली. ती सवय अक्कांनीच लावलेली. मग त्यानं बटण दाबलं.

हिरवं झालं.

स्वतःच्या फोनवर त्यानं पान उघडून पाहिलं. झटकन उघडलं. तो भिंतीला टेकला. बाहेर पांढरं, आत पांढरं, आणि मशीनची ती घरघर… त्याचा डोळा लागला.

स्वप्नात पठारभर सोनकी फुलली होती. जवळ जाऊन बघावं, तर फुलं नव्हतीच, बटणं होती. जिथे पाऊल पडेल तिथलं बटण हिरवं होत होतं. तो चालत होता आणि डोंगर हिरवा होत होता. लांब एका देवळात घंटा वाजत होती. वाजत होती… थांबतच नव्हती.

तो जागा झाला. मठातला जुना फोन वाजत होता.

अक्का ओल्या हातांनी आत आल्या. त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज उन्मेषलाही ऐकू येत होता. देवराईवाडीच्या उपकेंद्रात सगुणा नावाची नर्स होती, तिला सगळे सगुणा सिस्टर म्हणत. ती बोलत होती.

"अक्का, पान उघडत नाही. मघापासून नुसतं पांढरं दिसतंय. शेतात भांगलायला गेलेली बाई आहे, फुरसं चावलंय. गाडी दारात उभी आहे. कुठं पाठवू? दवाखान्यांचे फोन लागत नाहीत."

अक्कांनी उन्मेषकडे पाहिलं. नुसता फोन त्याच्यापुढे धरला.

त्यानं स्वतःच्या फोनवर पान उघडलं. बोट घसरत होतं.

"तांबुळ्याच्या दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "हेळ्यातली संपलीय. तांबुळ्याला न्या."

"तांबुळे," पलीकडून आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग काहीच नव्हतं. धुकं आणि घरघर.

उन्मेष मशीनपुढे बसला. चूक शोधायला वेळ लागला नाही. पॅनेलनं येणाऱ्या सगळ्यांना नव्या, कुलपाच्या दाराकडे वळवलं होतं. नव्या फोनांना ते कुलूप उघडतं. सगुणा सिस्टरचा फोन जुना. त्याला त्या कुलपाची ओळखच नव्हती. त्याला आत घेणारी एक ओळ जुन्या फाईलमध्ये होती. गाळलेल्या ओळींत तीही गेली होती.

त्यानं जुनी फाईल परत बसवली.

"अक्का, मी उद्यापर्यंत थांबलो नाही."

"हं."

"मीच दाबलं."

"हं…"

त्यांनी दोन शब्द ऐकवले असते तर त्याला बरं वाटलं असतं. संध्याकाळी त्यांनी त्याच्या पानात भात वाढला, वर तूप वाढलं. तो जेवला नाही. अक्कांनी ताट उचललं नाही, जेव असंही म्हटलं नाही. समोर बसून राहिल्या.

सकाळी पुन्हा फोन आला. या वेळी अक्का नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी फोन खाली ठेवला.

"बाई शुद्धीवर आली," त्या म्हणाल्या. "राहिलेलं भांगलण कोण करणार म्हणून विचारतेय."

उन्मेष उंबऱ्यावर बसला आणि रडला. लहानपणी रडला असेल तसा, नाक पुसत. अक्कांनी त्याला रडू दिलं. त्याचं झाल्यावर त्यांनी फाईल उघडली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"वाच."

तो वाचू लागला. कुठलं दार, कुठला पत्ता, कुठली मर्यादा. इंग्रजी शब्द, कंस, आकडे. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"ते नको," अक्का म्हणाल्या. "त्याच्या वरचं वाच."

प्रत्येक ओळीच्या वर आणखी एक ओळ होती. तिच्या सुरुवातीला जाळीसारखं एक चिन्ह. अशी ओळ मशीन वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. या ओळी मराठीत होत्या. इतकी वर्षं ही फाईल त्यानं पाहिली होती, आणि त्याची नजरही मशीनसारखीच त्या ओळी ओलांडून गेली होती.

त्यानं वाचलं.

'सगुणा सिस्टरचा फोन जुना आहे. तिच्यासाठी हे जुनं दार उघडं ठेवलंय. तिनं नवा फोन घेतला की बंद करावं.'

'घाटात रेंज येते आणि जाते. लगेच पाठ फिरवू नये. वाट बघावी.'

'हेळ्याचे डॉक्टर पहाटे उठून आकडे भरतात. त्या वेळेला मशीन बंद करू नये. बिचारे झोपेत असतात, चिडतात.'

'ही ओळ का लागते ते मला समजलेलं नाही. काढली की पान उघडत नाही. काढून पाहिली आहे.'

तो वाचत गेला. धुकं खिडकीशी थांबून ऐकतंय असं वाटत होतं. फाईल संपली तेव्हा खोऱ्यातली सगळी माणसं त्या खोलीत येऊन बसल्यासारखी झाली होती. कुणी हातात फोन धरून, कुणी डोळे चोळत.

"पॅनेल पुसून टाकतो," उन्मेष म्हणाला.

"तुझं आहे," अक्का म्हणाल्या. "तू बघ."

तो त्या आठवड्यात पुण्याला गेला नाही. पुढच्याही नाही. मठात राहिला, विहिरीचं पाणी ओढू लागला, आणि अक्कांशेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून फाईल लिहायला शिकला. बटणांना शिवायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. दिवस जात होते. तेरडा सरला, गवत पिवळं पडू लागलं. त्याची बोटं इतकी तयार झाली, की ओळ मनात यायच्या आधी पडद्यावर येई.

एकदा अक्का मूग निवडत होत्या, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, आता मला कळलं. मजकूर हाच खरा. बाकी सगळा देखावा. बटणं दाबणाऱ्यांना कधी काही समजणार नाही."

अक्कांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"हं…" त्या म्हणाल्या. "तुझी मान ताठ झालीय. झोपताना उशी घेत जा."

तो हसला. त्याला वाटलं, अक्कांना त्याची काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट त्याला वाटत होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. अक्कांची नजर मंद होत चालली होती. फाईल वाचताना त्या आता पडद्याला नाक लावत. मशीन लवकरच कुणाच्या तरी हाती जाणार होतं. आणि त्याच्याशिवाय होतं कोण?

दसऱ्याच्या आधी एका सकाळी धुकं पूर्ण उठलं. कितीतरी दिवसांनी खोरं तळापर्यंत दिसलं. त्या उन्हातून एक बाई काकड्यांची पिशवी घेऊन वर आली. अंगावर फिकट निळी साडी, पायांत प्लॅस्टिकच्या चपला.

"ही सगुणा," अक्का म्हणाल्या. "आता मशीन ही बघणार."

उन्मेषला आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"मी असताना?"

"तू असशील?"

त्याला पुण्याचं घर आठवलं, काम आठवलं, आई आठवली.

"शिकव तिला," अक्का म्हणाल्या.

त्यानं शिकवलं. मनात काटा होता, तरी मन लावून शिकवलं. सगुणा सिस्टर सुट्टी काढून येई आणि त्याच्याशेजारी पाठ ताठ करून बसे. पण फाईल तिच्या हाताला लागत नव्हती. इथे कंस राहिला, तिथे टिंब राहिलं. सरावाच्या मशीनवर सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद पडे.

"मला नाही दिसत हो हे टिंब," ती म्हणे. "चुकलं की सांगा, मी परत करते."

"नुसतं करून काय? समजायला हवं."

"समजायला हवं, हे खरं," ती मान हलवून म्हणे आणि परत पहिल्यापासून सुरू करी.

एका दुपारी तेच टिंब पुन्हा राहिलं, आणि उन्मेषचा आवाज चढला.

"ज्याला ही फाईल वाचता येत नाही, त्यानं मशीनला हात लावू नये."

सगुणा सिस्टरनं बोटं पदरात गुंडाळली.

अक्का भिंतीशी बसल्या होत्या. त्या उठल्या, सावकाश त्याच्यासमोर आल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. घडी घालून स्वतःच्या मुठीत धरला.

"वाच," त्या म्हणाल्या.

पडदा म्हणजे नुसता उजेडाचा एक डाग झाला होता. शेजारी निळा डाग, समोर पांढरा. उन्मेषला शाळेपासून जाड भिंगांचा चष्मा होता. तो काढला, की त्याचं जग पाण्याखाली जाई.

"चष्म्याशिवाय कसं वाचू?"

त्यानं पांढऱ्या डागाकडे हात पुढे केला.

"अक्का… चष्मा द्या ना."

कुणी हललं नाही. तो बसून राहिला. डोळ्यांपुढे रंग एकमेकांत मिसळत होते. मशीन घरघरत होतं. मग शेजारून, शाळेत धडा वाचावा तसा, एक एक शब्द सुटा करत आवाज आला.

"सगुणा… सिस्टरचा… फोन… जुना आहे."

आवाज थांबला.

"हे माझं नाव आहे," ती म्हणाली. "बाकीचं मला येत नाही. पण हे येतं. हे मीच आहे ना?"

"तूच," अक्का म्हणाल्या.

"माझा फोन जुना आहे, हे तुम्ही इथं लिहून ठेवलंत…"

ती पुढची मराठी ओळ वाचू लागली. मग त्याच्या पुढची. हेळ्याच्या डॉक्टरांपाशी आल्यावर तिला हसू आलं. ती त्यांना ओळखत होती, ते खरंच चिडायचे. इंग्रजी ओळी आल्या की ती त्या ओलांडे. उन्मेष त्या पाण्याखालच्या जगात बसून ऐकत होता. जे तो कितीतरी वर्षं ओलांडून गेला, तेवढंच ती वाचत होती.

त्याचे डोळे भरून आले. तसंही काही दिसत नव्हतं, त्यामुळे फरक पडला नाही.

वाचन संपल्यावर अक्कांनी चष्मा पदरानं पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

त्या रात्री तो झोपला, पण दुसऱ्या दिवशी पहाटेच उठला. पॅनेल त्यानं पुसलं नव्हतं. पुसतो म्हटलं होतं, पण मन झालं नव्हतं. त्यानं ते उघडलं आणि उसवायला घेतलं.

पहिल्या वेळेपेक्षा हे अवघड गेलं. आता पॅनेलनं एकही ओळ गाळायची नव्हती. जे त्याला कळत नाही, ते जसं आहे तसं, जिथे आहे तिथेच राहू द्यायचं होतं. आणि प्रत्येक बटणाच्या वर, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, अक्कांची मराठी ओळ दिसायला हवी होती. नवा बदल करायचा झाला, तर बटणाच्या वर एक कोरी जागा उघडे. त्या जागेत काहीतरी लिहिल्याशिवाय बटण दबतच नसे.

हे शेवटचं का केलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याला नीट सांगता आलं नसतं.

दसरा झाला. ज्या दिवशी तो निघणार होता, त्या सकाळी धुकं पुन्हा आलं होतं, पातळ, उन्हाची कड असलेलं. सगुणा सिस्टर मशीनपुढे बसली होती. खोऱ्याच्या टोकाला करंजवण्यात नवा दवाखाना सुरू झाला होता. तो पानावर जोडायचा होता. तिनं एक एक ओळ ओठांतल्या ओठांत वाचली, बटणं शोधली, थांबली, पुन्हा वाचली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले.

उन्मेषनं पिशवी खांद्याला लावली आणि तो अक्कांच्या पाया पडला. तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला.

"अक्का, एक विचारू?"

"हं."

"शेवटी खरं कुठलं? पॅनेल, की फाईल?"

अक्कांचे डोळे मिटलेलेच होते. धुकं खिडकीतून आत आलं, त्यांच्या केसांवर बसलं. त्यांचा श्वास संथ चालला होता. झोपल्या की काय, असं त्याला वाटलं… की हेच उत्तर होतं…

तेवढ्यात मशीनपुढून सगुणा सिस्टर वळली. पडद्यावर ती कोरी जागा उघडी होती.

"अक्का, इथं काय लिहू?"

अक्कांनी डोळे उघडले.

"तुझ्यानंतर इथं जी बसेल," त्या म्हणाल्या, "तिला हाक मार."